मांडीवरचा लाल ठसा

माझ्या आईचे डोळे जाऊन अकरा वर्षं झाली. तेव्हापासून तिला जोकगू दिसतो तो माझ्या बायकोच्या तोंडून.

जोकगू म्हणजे पायांनी खेळायचा व्हॉलीबॉल म्हणा. चौघे इकडे, चौघे तिकडे, मधे कमरेएवढी जाळी. चेंडूचा एक टप्पा चालतो, तीन स्पर्शांत तो पलीकडे गेला पाहिजे. गुडघ्याखालचा पाय चालतो, डोकं चालतं. हात नाही, छाती नाही, मांडी नाही. शहरातली माणसं या खेळाकडे ढुंकूनही बघत नाहीत, पण आमच्या लाल मातीच्या गावांत सैन्यातून परतलेला प्रत्येक बाप्या साठीपर्यंत हाच खेळतो. मी छप्पन्नाचा आहे. आमच्या नूती गावाच्या संघात चेंडू चढवून द्यायचं काम माझं. मारणारा दुसरा, नावही त्याचंच. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. खोटं कशाला बोलू, थोडं वाटायचं.

संध्याकाळी सभाघरापुढे आमचा सराव चालायचा तेव्हा बायको आईला हातगाडीत बसवून कडेला आणायची. दोघी बांधावरची भाजी निवडत बसायच्या आणि बायको हलक्या आवाजात सांगत राहायची. "चेंडू डावीकडे पडलाय. तुमचा मुलगा पळतोय. गुडघा दुखतोय त्याचा, पण पळतोय. चढवला. मस्त चढवला." आई मान डोलवायची. कधी कधी मी चुकायच्या आधीच ती "अरेरे" म्हणायची.

बायकोला गावात दुमोकवाली म्हणतात. दुमोक तिचं माहेर, टेकडीपलीकडचं गाव. लग्नाला तीस वर्षं झाली, पोरगा जहाजांच्या कारखान्यात कामाला लागला, तरी ती दुमोकवालीच. तिचं स्वतःचं नाव गावात किती जणांना ठाऊक असेल याची मला शंकाच आहे.

यंदा आमच्या गावांच्या मंडळाच्या कचेरीतून नवं फर्मान आलं. मे अखेरीला गावागावांचे सामने होतात, त्याचा अंतिम सामना भोंग्यावरून ऐकवायचा, म्हणजे जी म्हातारी माणसं घराबाहेर पडत नाहीत त्यांनाही कळेल. एक वर्ष करून बघायचं, जमलं तर पुढे चालू. आमच्याकडे प्रत्येक घराच्या भिंतीवर एक डबा आहे. सभाघरातून गावप्रमुख बोलला की तो आवाज चौकातल्या भोंग्यातून निघतो, तसा त्या डब्यातूनही. डब्याला बंद करायची कळ नाही. गावप्रमुखाला ऐकायचं नाही अशी सोय आमच्याकडे कुणी ठेवलेलीच नाही.

पहिल्या दिवशी गावप्रमुख गुक मान-सोप स्वतःच माइक घेऊन बसला. माणूस जाड, आवाज त्याहून जाड. सरावाचा सामना त्यानं पाव तास सांगितला. "चेंडू गेला. चेंडू आला. हं. परत गेला. ए, तो कुत्रा हाकला रे." दुसऱ्या दिवशी तीन घरांतून निरोप आले की यापेक्षा हवामान सांगा.

तेव्हा आईनं हातगाडीतूनच आवाज दिला, "मान-सोप, माझ्या सुनेला बसव की! अकरा वर्षं रोज करतेय ती हेच काम."

"दुमोकवालीला?" मान-सोप हसला. "बसवू या. नाही तरी म्हाताऱ्यांना बाईचा आवाज गोड लागतो."

बायको कांद्याच्या उलट्या क्रेटवर बसली. हातात शेतातले मोजे तसेच. माइक तिनं असा धरला की जणू काकडी आहे आणि आता ती चिरायची आहे.

पहिली अडचण आली ती नावांची. आमच्यात वडीलधाऱ्यांचं नुसतं नाव घेत नाहीत, आणि सुनेनं तर नाहीच. "गावप्रमुखांच्या धाकट्या भावांनी" इतकं म्हणेपर्यंत चेंडू तीनदा जाळीपार व्हायचा. दोन दिवस तिची दमछाक झाली. रात्री जेवताना आई म्हणाली, "पाठीवर आकडे आहेत ना? मग आकडा सांग. आकड्याला मान लागत नाही."

मग गाडी सुरळीत चालली. एक नंबर, दोन नंबर. मारणारा गावप्रमुखाचा भाऊ दाल-सोप, तो तीन नंबर. मी चार. बायको मला भोंग्यावरून "चार नंबर" म्हणायला लागली तेव्हा बायका तोंडाला पदर लावावा तसं टोपीचं टोक लावून हसायच्या. आई रोज जेवताना तिचं काम तपासायची. "चेंडू कुठं पडला ते सांगतेस, माणसं कुठं उभी आहेत ते नाही. नुसता चेंडूच उडताना दिसतो मला." किंवा, "आरडाओरडा आधी करतेस आणि गोष्ट नंतर सांगतेस. आधी सांग, मग ओरड." एकदा मात्र चमचा खाली ठेवून म्हणाली, "सूनबाई, एक लक्षात ठेव. तुला दिसेल तेच मला दिसणार. आपल्या संघाचं बरं दिसावं म्हणून इकडचं तिकडे केलंस, तर मी दोनदा आंधळी."

"नाही करणार, आई," बायको म्हणाली. ते मी ऐकलं होतं.

रविवारी अंतिम सामना, नूती विरुद्ध दुमोक. बक्षीस होतं सभाघरासाठी भलामोठा फ्रीज, किमची म्हणजे आमचं आंबवलेलं लोणचं ठेवायचा. मंडळाच्या मैदानावर आमचीच लाल माती. संघानं नव्या पांढऱ्या ट्रॅकपँट शिवून घेतल्या होत्या. लाल मातीत पांढरी पँट ही अक्कल मान-सोपची.

बायको तंबूत मंडळाच्या लोकांशेजारी बसली. तिचा भाचा दुमोकच्या संघात एक नंबर होता. ती त्याला एकदाही भाचा म्हणाली नाही, एक नंबरच म्हणाली. पहिला डाव आमचा, दुसरा त्यांचा. तिसऱ्यात चौदा-तेरा, आम्ही पुढे. एक गुण, की फ्रीज आमचा.

दुमोकच्या एक नंबरनं खोल चेंडू मारला. टप्पा पडून तो अनपेक्षित उसळला. दाल-सोप पुढे वाकला, पाय उचलायला उशीर झाला, आणि चेंडू थाडकन त्याच्या उजव्या मांडीवर बसला. मी त्याच्यापासून दोन हातांवर होतो. आवाजसुद्धा ऐकला, ओल्या पोत्यावर फटका मारावा तसा. चेंडू वर उडाला, पाय आपोआप गेला, मी चढवून दिला. दाल-सोपनं उडी मारून तो असा हाणला की दुमोकवाले जागेवरून हललेच नाहीत. आमच्या लोकांनी आरोळी ठोकली. पंच ब्योन मास्तर जाळीच्या पलीकडच्या टोकाला उभे, त्यांना काही दिसलं नव्हतं. त्यांनी हात आमच्या बाजूला उचलायला घेतला.

तेवढ्यात भोंगा बोलला. बायकोचा आवाज, अगदी शांत.

"मारायच्या आधी चेंडू नूतीच्या तीन नंबरच्या उजव्या मांडीला लागला. गुडघ्याच्या वर. पँटवर गोल लाल ठसा आहे. तीन नंबर आता तो हातानं झटकतोय."

सगळं मैदान दाल-सोपच्या मांडीकडे बघायला लागलं. त्याचा हात तिथंच होता. त्यानं तो असा काढला की जणू पँटला विस्तव लागलाय.

आमच्या भागात रीत आहे. पंचाला दिसलं नाही तर तो सगळ्यात जवळच्या खेळाडूला विचारतो, आणि तो सांगेल ते धरलं जातं. ब्योन मास्तर चालत माझ्यापाशी आले. शाळेत मला त्यांनी शिकवलंय. "ग्वांग-सिक, तू जवळ होतास. मांडीला लागला का?"

मागून मान-सोप खाकरला. एवढंच, खाकरला. माझ्या डोळ्यांपुढे काय काय आलं ते सांगतो: लसूण उकरायचं यंत्र, ज्याची किल्ली त्याच्याकडे असते, मंगळवारची आमची लसूण काढायची पाळी, आणि हे सगळे चेहरे, ज्यांच्याबरोबर मला मरेपर्यंत राहायचं आहे.

"दिसलं नाही, मास्तर," मी म्हणालो.

मास्तरांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि गुण आम्हाला दिला. भोंग्यातून बायको म्हणाली, "चार नंबर म्हणतो, दिसलं नाही. गुण नूतीला. सामना नूतीनं जिंकला." तिचा आवाज तसाच होता. तो आजही माझ्या कानातून जात नाही.

दुमोकची मंडळी हात न मिळवता निघून गेली. एरवी सामन्यानंतर दोन्ही गावं एकत्र बसतात, डुकराचं मटण भाजतात, पांढऱ्या दारूचे वाडगे फिरतात. या वेळी आम्ही एकटेच भाजत बसलो आणि ते मटण मुलखाचं चिवट लागलं. जाताना टेकडीच्या वळणावर त्यांच्या टेम्पोतून कुणीतरी ओरडलं, "मांडीवाले!" आणि सगळा टेम्पो हसला.

तेवढं पुरलं. मी खोटं बोललो त्याचा राग कुणाला आला नाही. दाल-सोपनं मांडीनं खेळलेलं कुणाला खुपलं नाही. सगळ्यांचा राग एकाच माणसावर निघाला, ज्या माणसानं दिसलं ते सांगितलं.

"माहेरची बाजू घेतली शेवटी."

"तीस वर्षं इथलं अन्न खाल्लं, पण ओढा तिकडचाच."

हे ती भांडी घासत असताना, तिला ऐकू जाईल असं बोलत होते. आणि ती आमचीच भांडी घासत होती!

घरी आलो. आई डब्याखालीच बसली होती. मी बूट काढतोय तोवर तिनं विचारलं, "दाल-सोपपासून तू किती लांब होतास?"

"दोन हात."

"आणि तुला दिसलं नाही?"

मी दुसरा बूट काढला.

"मग या घरात आंधळं कोण आहे तेवढं सांग," आई म्हणाली, आणि भिंतीला पाठ लावून बसली. बायकोनं माझ्या पँटवरची माती झटकली आणि पँट बादलीत टाकली.

सोमवारी मान-सोपच्या शेतात लसूण. आमच्या गावात काढणी सावडीवर होते. आज सगळे तुझ्या रानात, उद्या सगळे माझ्या. लिहून कुणी ठेवत नाही, गरजच पडत नाही. आम्ही दोघं पहाटेच गेलो. बुडाला गोल गादी बांधून सरीत बसायचं, मुठीनं रोप धरायचं, ओढायचं, माती झटकायची, आडवं ठेवायचं, बूड पुढे सरकवायचं. दिवसभर हेच. संध्याकाळी कंबर आपली राहत नाही. बायको दोन सऱ्या ओढते तेवढ्यात बाकीच्या दीड ओढतात, हे तिचे शत्रूही कबूल करतील.

दहाला कॉफी आली. मान-सोपची बायको तबक घेऊन सरीतून फिरली. कागदी पेले मोजून आणलेले. बायकोपाशी आली तेव्हा तबक रिकामं. "अगं बाई, कमीच पडले की!" असं म्हणून ती परत गेली आणि आलीच नाही. मी माझा पेला बायकोपुढे धरला. तिनं मातीनं भरलेला हात नुसता हलवला, नको म्हणून. मी ती कॉफी प्यायलो. हेही सांगून टाकतो, म्हणजे माझं पूर्ण माप तुम्हाला कळेल.

मंगळवार आमचा. बायको तीनला उठली. नऊ माणसांचं जेवण: मुळा घालून शिजवलेले मासे, भात, शेवयांचा रस्सा दोन मोठ्या पातेल्यांत, काकडीचं किमची. साडेपाचला डबा खरखरला.

"नमस्कार, गावप्रमुख बोलतोय. आज सगळ्यांनी दाल-सोपच्या कांद्यावर यायचं आहे. यंत्रही तिकडेच येईल. सहाला तळ्यापाशी जमा. संपलं."

बायकोच्या हातात पळी होती. रश्श्याला उकळी येत होती, ती बघत राहिली. आई म्हणाली, "आज आपली पाळी ना?" बायकोनं गॅस बंद केला, त्या आवाजातच तिला उत्तर मिळालं.

माझ्या अंगाची नुसती आग झाली. काल सूर्य डोक्यावर येऊन उतरेपर्यंत जिच्याकडून राबून घेतलं, तिचं आज घरी रांधलेलं तसंच ठेवायचं! शिव्या द्या, भांडा, दारात येऊन थुंका, पण सावड तोडायची? आमच्या बापजाद्यांत भाऊबंदकीचे खटले चालले, त्या दिवसांतही सकाळी एकमेकांच्या रानात माणसं गेली आहेत. मी दार उघडून चौकाकडे निघालो होतो. बायको म्हणाली, "कुठं चाललात?"

"विचारतो त्याला!"

"रविवारी विचारलं होतं तुम्हाला," ती म्हणाली. "तेव्हा बोलायचं होतं." आणि तिनं गादी बुडाला बांधली.

यंत्राशिवाय लसूण म्हणजे पाण्याविना कपडे धुणं. यंत्र वाफ्याखालची माती सैल करून जातं, मग रोप बोटानं निघतं. आम्ही चार दात्यांच्या काट्यानं एकेक वाफा उपसला. मी काटा दाबायचा, बायको ओढायची. तीन आठवडे पावसाचा थेंब नव्हता, माती वीट झाली होती. दाबताना काटा चुकून गड्डीत शिरला की गड्डी फुकट. दुपारपर्यंत माझ्या उजव्या तळव्याची कातडी सुटली. गुरुवारी संध्याकाळी पाऊस असं रेडिओ सांगत होता, आणि काढणीला आलेला लसूण भिजला तर पंधरवड्यात काळा पडतो. वाफे चौदा. मंगळवारी संध्याकाळपर्यंत तीन झाले.

जेवण आम्ही दोघांनी खाल्लं, आईला नेऊन दिलं. उरलेल्या शेवया फुगून पातेल्यात एकच गोळा झाल्या. बायकोनं तो कोंबड्यांना घातला. कोंबड्याही थोडं खाऊन निघून गेल्या.

बुधवारी आई हट्टानं शेतात आली. हातगाडीतून आणली, बांधाच्या सावलीत गादीवर बसवली. ती गड्ड्या चाचपून माती झटकायची, पात कापायची. एकही बोट कापून घेतलं नाही तिनं. बायको ओढता ओढता तिला सांगत होती, "चार नंबरनं काटा रोवला. पाय दिला. वाफा हलला. पाचवा वाफा अर्धा झाला, आई. डोंगराच्या बाजूला ढग आलेत, अजून पांढरे आहेत." तिचं बोलणं ऐकून मला काम जड वाटेनासं झालं, आणि स्वतःची लाज मात्र वाटायला लागली.

तिसऱ्या प्रहरी मान-सोपचा छोटा ट्रक बांधाशी थांबला. तो उतरला नाही. काचेतूनच म्हणाला, "ग्वांग-सिक, हाताला काय झालं रे? अरेरे. यंत्र काय, मी उद्या सकाळी पाठवतो. दहा माणसंसुद्धा. दुपारपर्यंत रान मोकळं."

"मग पाठवा ना, दादा."

"पाठवतो की. पण गावाचं नाव खराब झालंय, ते कोण धुणार? दुमोकची पोरं बाजारात आमच्या बायकांना मांडीवाले म्हणतात." त्यानं एक घडी घातलेला कागद काचेतून पुढे केला. "दुमोकवालीनं उद्या सकाळी माइकवर एवढं वाचायचं. दोनच ओळी आहेत. सूर्य डोळ्यावर होता, नीट दिसलं नाही, गावाची माफी मागते. झालं. त्यात कुणाचं काय जातंय?"

बायको सरीत उकिडवी होती. तिनं वर बघितलंही नाही. "वर्णन करताना सूर्य माझ्या पाठीशी होता," ती लसणाशी बोलल्यासारखी म्हणाली.

"ही नाही वाचणार," मी म्हणालो.

"मग तू वाच. नवराच आहेस ना तिचा?" आणि ट्रक निघून गेला.

कागद माझ्या खिशात राहिला. मी तो फेकला नाही. रात्रभर तळव्याची आग होत होती आणि मी नऊ वाफ्यांचा विचार करत होतो. पहाटे पाचला उठलो तर बायको जागीच होती. खिसा चाचपला ते तिनं बघितलं. मी म्हणालो, "पाऊस संध्याकाळी आहे." ती म्हणाली, "ठाऊक आहे." बस, एवढंच बोलणं झालं. मी निघालो तेव्हा ती आईला हातगाडीत बसवत होती. मी काय करायला चाललोय असं तिला वाटलं असेल, ते मला कळत होतं. खरं म्हणजे मीही तेच करायला चाललो होतो.

सभाघरात नवा फ्रीज भिंतीला लावून ठेवलेला. दारावर अजून लाल फीत होती. तो घुमत होता. शेजारी टेबलावर माइक. मान-सोपनं खुर्ची पुढे केली. "बस. सावकाश वाच. घाई नको करू, म्हाताऱ्यांना कळलं पाहिजे." त्यानं कळ दाबली, लाल दिवा लागला. चौकात भोंगा खरखरला. गावातल्या प्रत्येक भिंतीवर डबा खरखरला असेल.

"नमस्कार," मी म्हणालो. माझा आवाज भोंग्यातून फिरून मलाच ऐकू आला, आणि तो माझा वाटेना. "मी प्यो ग्वांग-सिक. चार नंबर."

कागदावर लिहिलं होतं, सूर्य डोळ्यावर होता. मी ते वाचायला तोंड उघडलं. आणि मला आईचा चेहरा दिसला, बांधावर, मान डोलवायला तयार. बांधावर डबा नाही, पण चौकातला भोंगा आमच्या रानापर्यंत पोचतो.

मी कागद उलटा ठेवला.

"रविवारचा शेवटचा गुण," मी म्हणालो. "चौदा-तेरा. मला हे काम येत नाही, सांभाळून घ्या. दुमोकच्या एक नंबरनं चेंडू मारला. खोल. आमच्या डाव्या बाजूला. टप्पा एक. गुक दाल-सोप पुढे वाकला. पाय… पाय उचलायला उशीर झाला. चेंडू त्याच्या उजव्या मांडीला लागला."

"ए!" मान-सोप म्हणाला.

"मी दोन हातांवर होतो. मी बघितला. आवाजही ऐकला. मग मी चढवून दिला आणि दाल-सोपनं मारला. ब्योन मास्तरांनी मला विचारलं, आणि मी म्हणालो, दिसलं नाही. ते खोटं होतं. सूर्य कुणाच्याही डोळ्यावर नव्हता." मान-सोप टेबलाला वळसा घालून येत होता, त्याची मांडी खुर्चीला अडकली. मी भराभर बोलायला लागलो, आईला आवडत नाही तसं. "सोमवारी आम्ही दोघं गुकांच्या रानात राबलो. मंगळवारी आमच्या रानात कुणी आलं नाही. नऊ माणसांचं जेवण होतं. आणि त्या दिवशी ज्या बाईनं दिसलं ते जसंच्या तसं सांगितलं तिला दुमोकवाली म्हणू नका. तिचं नाव सोक बोंग-रे. तीस वर्षं ती या गावात…"

लाल दिवा विझला. मान-सोपचा हात कळीवर होता. फ्रीज घुमतच होता.

"यंत्र विसर," तो म्हणाला. "या जन्मी विसर."

"विसरलो," मी म्हणालो.

चौकातून परत येताना कुणी भेटलं नाही. दारं उघडी होती, पण आत हालचाल नव्हती. दाल-सोपच्या अंगणात दोरीवर ती पांढरी पँट वाळत होती. त्याच्या बायकोनं चार दिवस घासली होती म्हणे. आमची लाल माती पांढऱ्या कापडातून निघत नाही; गुडघ्याच्या वर फिकट गुलाबी गोल तसाच होता. दाल-सोप ओसरीवर बसून बूट घालत होता. त्यानं माझ्याकडे बघितलं, मग पँटकडे, आणि बूट घालत राहिला.

रानात पोचलो तेव्हा तीन माणसं होती. बायको, आई, आणि तिसरी शेजारची म्हातारी सोल्गोलवाली, स्वतःची गादी आणि काटा घेऊन आलेली. मला बघताच फणकारली, "माझं घरचं आटोपलं होतं म्हणून आलेय. डब्यातलं ऐकून नाही आलेले, आधीच सांगते."

"बरं, काकू."

"आणि दुपारी शेवया असतील तर खाईन."

डोंगरावरचे ढग आता पांढरे नव्हते. नऊ वाफे उभे होते आणि आम्ही साडेतीन माणसं. सगळे वाफे होणार नव्हते. मी काटा घेतला, वाफ्यात रोवला, पाय दिला. कातडी सुटलेल्या तळव्यातून कळ थेट खांद्यापर्यंत गेली. बायको सरीत बसली आणि तिनं पहिलं रोप धरलं. ती माझ्याकडे बघत नव्हती.

बांधावरून आई म्हणाली, "सूनबाई, मघाशी भोंग्यावर कोण बोलत होतं गं? आवाज काही ओळखता आला नाही मला."

बायकोनं रोप ओढलं, माती झटकली, आडवं ठेवलं.

"नवखा आहे, आई," ती म्हणाली. "अडखळतो. शेवटी फार घाई करतो. पण दिसलं तेच सांगतो."